मागून वाजणाऱ्या फळ्या

मित्रांनो, मी एक जुना क्लॅपर आहे. क्लॅपर म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. हातभर लांबीच्या दोन फळ्या, एका टोकाला बिजागरी आणि दोन्ही फळ्यांच्या पाठीवर चामड्याची एकेक मूठ. शाळेच्या मैदानावर शर्यत सुरू करताना सर दोन फळ्या उघडतात आणि फाडकन मिटतात, ते तुम्ही पाहिलं असेल. तो मी. सध्या माझा मुक्काम वॉशिंग मशीनच्या पायाखाली आहे. तिथली फरशी खचली आहे, आणि मशीन नाचू नये म्हणून मला मिटून खाली सारलेलं आहे. कपडे पिळायला लागले की माझी हाडं खिळखिळी होतात आणि वरून साबणाचं पाणी ठिबकतं. तक्रार करत नाही, करून ऐकणार कोण? पण तुम्ही आता वाचायला बसलाच आहात तर सगळं सांगतो. गोड लागेल असं त्यात फारसं काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका खाटेतून झाला. लहान मूल पडू नये म्हणून कठडा लावलेली खाट असते ना, तशा खाटेतून. जिची ती खाट, ती मुलगी मोठी झाली आणि खाट माळ्यावर जाऊन पडली. मुलीचा मामा सुतार होता. त्याने कठड्याच्या दोन फळ्या कापल्या, रंधा मारला, एका मोडक्या कपाटाची बिजागरी लावली आणि आपला जुना कमरपट्टा कापून मुठी केल्या. एका फळीच्या कडेला बारीक खुणा होत्या. दात येत होते तेव्हा मुलीने चावून चावून पाडलेल्या. मामाने तेवढ्या जागेवर रंधा फिरवला नाही. राहू दे, म्हणाला, भाचीची सही आहे ती. अजून त्या खुणा माझ्या अंगावर आहेत. मशीनचा पाय नेमका त्यांच्यावरच टेकतो.

मला करायला सांगितलं होतं मुलीच्या आईने. ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात वाफेच्या प्रेसवर काम करायची. दिवसभर उभं राहून एका पायाने पेडल दाबायचं, हातांनी कॉलर सरळ करायची, वाफ तोंडावर घ्यायची, की पुढचा शर्ट. दुकानात तिला सगळे प्रेसवाली म्हणत, शाळेत हिची आई म्हणत, घरात अगं म्हणत. तिचं नाव दवाखान्यातल्या बाईंखेरीज कुणी घेत नसे. मग मुलीच्या शाळेत खेळांचा दिवस आला आणि शेवटी पालकांची शर्यत लावली. बाकीच्या आया हसत खिदळत उभ्या राहिल्या. हिने चपला काढल्या, मुलीच्या हातात दिल्या आणि अशी पळाली की दुसरी कुठल्या कुठे राहिली. लाऊडस्पीकरवरून तिचं नाव पुकारलं गेलं, पूर्ण आणि बिनचूक. त्या दिवसापासून तिला चैन पडेना. मी हे हसण्यावारी नेत नाही. इतक्या वर्षांनी एखाद्याला आपलं नाव ऐकू आलं, तर तो ते पुन्हा ऐकायला धडपडणारच.

मोठ्या माणसांना धावायला शिकवणारे एक मास्तर होते. सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्याकडे जाऊ लागली. तिला आखूड शर्यतीच पळायच्या होत्या. मास्तरांनी तिला दोनदा पळायला लावलं आणि म्हणाले, तुमच्या पायात जोर आहे, पण तुमचं सुटणं म्हणजे पिशवी घेऊन बाजाराला निघाल्यासारखं आहे. तिला ते फार लागलं.

आता इथे माझा संबंध येतो. लांब पळणाऱ्या माणसाला कुणी नसलं तरी चालतं. निघाला रस्त्याने, पळाला, आला. आखूड शर्यतीचं तसं नसतं. तिथे पहिल्याच उसळीत अर्धा निकाल लागतो, आणि त्या उसळीचा सराव एकट्याला करताच येत नाही. तुम्ही ओणवे, हात जमिनीवर, कान मागे. आवाज दुसऱ्या कुणीतरी करावा लागतो. मुलीचे वडील बेकरीची गाडी चालवायचे आणि उजाडायच्या आधीच घरोघर पाव टाकायला बाहेर पडायचे. राहिली मुलगी. नऊ वर्षांची.

गोदामाच्या मागे एक मोकळी जागा होती. तिथे आई फक्कीने पांढरी रेघ ओढायची. मुलगी झोपेच्या कपड्यांवर स्वेटर चढवून, पायात शाळेचे मोजे घालून, मला पोटाशी धरून मागे उभी राहायची. मागेच उभं राहायचं, पळणाऱ्याला दिसायचं नाही, असा नियमच होता. ती म्हणायची, जागेवर. मग म्हणायची, तयार. आणि मग मी. गोदामाच्या भिंतीवरून माझा आवाज परत यायचा तेव्हा आई रेघ सोडून निघालेली असायची. मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते. मामा येऊन माझ्या बिजागरीत तेल घालून जायचा. दुकानाची मालकीण एकदा बघायला आली आणि म्हणाली, केवढा आवाज आहे याचा. मी फुगलो होतो. मुलगीही फुगली होती.

तिला मात्र आणखी काहीतरी हवं होतं. तिला एकदा पळायचं होतं. आईसारखं ओणवं व्हायचं, आणि मागे आईने उभं राहून मला वाजवायचं. एवढंच. पहिल्या आठवड्यात तिने विचारलं तेव्हा आई म्हणाली, आज उशीर झालाय. पुढे म्हणाली, बघू. मग मास्तरांनी आईचं नाव मोठ्यांच्या एका स्पर्धेत घातलं, आणि त्या दिवशी तिने वचनच देऊन टाकलं. "माझी स्पर्धा होऊन जाऊ दे. मग तुझा नंबर. तू पळायचं, मी वाजवणार."

झालं. मुलीने ते वचन गाठीला बांधून ठेवलं. रोज स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत तिचा सराव चालायचा. बोटं फरशीवर टेकायची, कंबर वर उचलायची, आणि स्वतःच तोंडाने फाड असं म्हणून सुटायची. दाराला दोनदा डोकंही आपटून घेतलं. मामाला सांगून झालं, वडिलांना सांगून झालं. आईची स्पर्धा कधी, हे आईपेक्षा तिला जास्त पाठ होतं.

आणि आई खरोखर सुधारली. माझा आवाज होतो न होतो तोच ती रेघेवरून उडालेली असायची. मास्तरांना तिने सांगितलं, आता सुटणं जमतंय, आणि मास्तर म्हणाले, वा. ती घरी येऊन हे दोनदा बोलली. ते कसं जमत होतं, हे मला माहीत होतं. मी त्या मुलीच्या हातांना जड होतो. मला पुरतं उघडायचं तर तिला छाती भरून श्वास घ्यावा लागे. नाकातून, हलकासा, पण सकाळच्या शांततेत ऐकू येईल असा. तो श्वास आला की पाठोपाठ माझा आवाज यायचा, दर वेळी तेवढ्याच अंतराने. आईच्या कानांनी ते टिपलं होतं. ती फळ्यांवर सुटतच नव्हती. ती मुलीच्या श्वासावर सुटत होती. स्वतःलाही नकळत, हे मान्य. पण गंमत बघा, त्या बाईने आपल्या लेकीचं इतकं कान देऊन आयुष्यात दुसरं काही ऐकलं नसेल, आणि जे ऐकलं ते स्वतःच्याच फायद्याचं.

मागे उभ्या असलेल्या माणसाला सगळं दिसतं. एका सकाळी मुलगी म्हणाली, "आई, तू फळ्या वाजायच्या आधीच निघतेस." आई धापा टाकत होती. तिने मान न वळवता म्हटलं, "आता तू मला शिकवणार का? पुन्हा घे." मुलीने पुन्हा घेतलं.

स्पर्धेच्या दिवशी मुलगी मलाही घेऊन गेली. गरज नव्हती, पण तिने पिशवीत घातलंच. आम्ही पायऱ्यांवर बसलो. दुकानाच्या मालकिणीने त्या दिवशी दुकान बंद ठेवलं होतं, वडिलांनी गाडी दुसऱ्याला दिली होती, मामा आला होता. खाली बायका आपापल्या पट्टीत ओणव्या झाल्या. पंचाने पिस्तूल वर धरलं. तयार म्हणाला आणि थांबला. नेहमीपेक्षा जास्त थांबला. आणि आई निघाली. एकटीच. पिस्तूल वाजलंच नव्हतं. चार ढांगा टाकून तिने मागे पाहिलं तर बाकीच्या सगळ्या जागच्या जागी. पंच चालत तिच्यापर्यंत आला आणि लाल कार्ड दाखवलं. लाऊडस्पीकरवरून तिचं नाव पुकारलं, पूर्ण आणि बिनचूक, आणि पुढे म्हटलं, बाद. नवीन बूट घालून ती मैदानाच्या कडेकडेने बाहेर आली. मालकीण पायऱ्यांवरून उठून निघून गेली होती. बहुतेक आईला ओशाळं वाटू नये म्हणूनच, पण आईला ते दिसलं.

बसस्टॉपच्या बाकावर मला मांडीवर घेऊन मुलगी बसली होती. वडील म्हणाले, जाऊ दे, होतं असं. मामा म्हणाला, पुढच्या वेळी. आईने दोघांकडे बघितलंही नाही. तिने मुलीकडे बघितलं.

"एवढं साधं काम दिलं होतं तुला. मागे उभं राहून फळ्या वाजवायच्या. तेही धड जमलं नाही. तुझ्यामुळे माझी सवय बिघडली."

मुलगी म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं."

"उलट बोलू नकोस."

मुलीने माझ्या मुठीतून हात काढून घेतला, तेवढंच. मामा काहीतरी बोलणार होता, पण बस आली आणि सगळे चढले. तुझा नंबर कधी, हे कुणी विचारलं नाही, कुणाला आठवलंही नसेल. आठवत होतं ते फक्त तिला आणि मला.

पुढच्या सुट्टीला आई मला घेऊन मास्तरांकडे गेली. मास्तरांनी मला हातात घेतलं आणि तिला सुटायला लावलं. मास्तरांच्या हाताला मी काय जड? त्यांनी वाजवलं, आणि आई जागेवरच राहिली. निघाली ती उशिरा, अडखळत. दुसऱ्यांदाही तेच, तिसऱ्यांदाही तेच. मास्तरांनी मला मिटलं आणि विचारलं, घरी कोण वाजवतं? मुलगी, ती म्हणाली. तेव्हा ते म्हणाले, मग तुम्ही तिच्या श्वासाची वाट बघताय. स्पर्धेत शेजारच्या पट्टीतल्या कुणीतरी श्वास घेतला असेल आणि तुम्ही निघालात. यात मुलीची काही चूक नाही.

आई बराच वेळ बुटांच्या नाड्या सोडत बसली. घरी जाताना मला तिने पिशवीत न ठेवता हातात धरलं होतं, आणि मला वाटलं, आज ही मुलीला दोन शब्द बोलणार. चुकले, एवढा एक शब्द आला असता तरी पुरे होता. तो काही तिच्या तोंडातून निघाला नाही. जेवणं झाली, भांडी झाली, शर्टांना इस्त्री झाली. वडील दोनदा म्हणाले, काही झालंय का? तिने नाही म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मुलीला उठवलं. "चल, आज तुझा नंबर."

मुलगी निमूट उठली. स्वेटर घातला, मोजे घातले. गोदामामागे आईने नवी रेघ ओढली, खूप नीट, दोनदा फक्की टाकून. मुलगी रेघेवर ओणवी झाली. बोटं टेकली, कंबर उचलली. स्वयंपाकघरातल्या सरावाने सगळं अगदी बरोबर जमलं होतं. आई मागे उभी राहिली. जागेवर, म्हणाली. तयार, म्हणाली. आणि तिने मला वाजवलं. माझ्या जन्मात एवढा खणखणीत आवाज माझा कधी झाला नव्हता. गोदामाच्या भिंतीवरून तो परत आला.

मुलगी हलली नाही.

आईला वाटलं, पोर गोंधळली. तिने पुन्हा म्हटलं, तयार, आणि पुन्हा वाजवलं. मुलगी उठून उभी राहिली आणि तिने हाताला लागलेली फक्की स्वेटरला पुसली.

"ऐकू नाही आलं?" आईने विचारलं.

"आलं. दोन्ही वेळा आलं," मुलगी म्हणाली. "मला शाळेला उशीर होईल."

ती घराकडे चालत गेली. पळाली असती तरी चाललं असतं, उशीर खरंच होत होता. पण ती चालतच गेली. आई मला उघडून तशीच उभी राहिली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला तिच्या श्वासाचा आवाज ऐकू आला.

पुढचं थोडक्यात सांगतो. आईने फोनमध्ये सुटायचा इशारा देणारं काहीतरी घेतलं. तो आपल्याआपण वाजतो, कधी लवकर, कधी उशिरा. फोन श्वास घेत नाही. त्याच्यावर ती खरंच नीट सुटायला शिकली आणि दोन वर्षांनी तिला पदक मिळालं. ते बाहेरच्या खोलीत टांगलेलं आहे. नाव पुकारलं तेव्हा तिने पायऱ्यांकडे पाहिलं होतं म्हणे. तिथे वडील होते, मामा होता. मुलगी म्हणाली होती, माझा अभ्यास आहे. मुलगी आता चांगली उंच झाली आहे. मैदानाच्या बाजूला ती फिरकत नाही. घरात दोघींचं भांडण नाही, अबोलाही नाही. जेवायला ये, येते. किल्ली घेतलीस का, घेतली. एवढंच बोलणं. मला मशीनखाली मुलीनेच सारलं. रागाने नाही, मशीन खरंच डगमगत होतं. आईने ते पाहिलं आणि वाकून मला हाताने आणखी थोडं आत ढकललं.

तर मित्रांनो, मला इथून काढा, पुसा, रंग द्या, असं मी म्हणत नाही. लाकूड ते लाकूड, कुजलो तर कुजलो. पण तुम्हीही मोठे व्हाल, तुम्हालाही कशात ना कशात पुढे जायचं असेल, आणि तुमच्या मागे कुणीतरी स्वेटर घालून उभं असेल. त्याला मग, नंतर, बघू, म्हणू नका. एखाद्या सकाळी आपणहून मागे जा, त्याच्या हातातल्या फळ्या घ्या आणि त्याला रेघेवर उभं करा. वेळेत करा. उशिरा वाजवल्या तरी फळ्यांचा आवाज तेवढाच होतो, फक्त तेव्हा समोरून कुणी सुटत नाही.