मेलेल्या जंतूंची निळाई

खोटं वाटत असेल तर मैलापूरच्या तळ्याला विचारा. त्यानं माझं डोकं बघितलंय.

मद्रासेतला अठ्ठावन्नचा मे महिना. तळ्यामागच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी कामाला होतो. विषमज्वराचे जंतू तापवून मारायचे, बाटलीत ठेवायचे आणि त्यांच्यातलं प्रोटीन दिवसागणिक किती घटतं ते मोजायचं. थेंबभर रसात औषधं घातली की निळा रंग चढे. निळं जितकं गडद, तितकं प्रोटीन जास्त. रस मोजून घ्यायची काचेची नळी, पिपेट, तेव्हा तोंडानंच ओढायची. सोमवारी मी सरबत समजून ओढली की काय, घोटभर रस पोटात गेला.

"मेलेलेच आहेत, रंगाराव," आमच्या वरिष्ठ चंद्रिकाबाई म्हणाल्या. तरी खात्रीसाठी त्यांनी बाटलीतले चार थेंब जंतू वाढवायच्या बशीत टाकले. जिवंत असले तर गुरुवारपर्यंत ठिपके उगवणार होते.

सोमवारी प्रोटीनचा आकडा चाळीस होता. मंगळवारी पंचेचाळीस. बुधवारी बावन्न. मेलेला कधी अंगानं भरतो का? म्हणजे जिवंत होते, आणि माझ्या पोटात त्यांची बारशी चालली होती. कपाळाला हात लावावा तर चटका बसे. पण मे महिन्यात मद्रासेत विजेच्या खांबालाही ताप असतो, त्यावरून काय कळणार? घरी बायकोनं, राजसबाईनं, माझं ताट वेगळं केलं, मुलांना बहिणीकडे धाडलं, तळ्याकाठच्या कपालीश्वराला माझ्या केसांचा नवस बोलली. संध्याकाळी दारातच विचारायची, आज किती? आकडा ऐकला की पदर तोंडाला.

गुरुवारी साठ. चंद्रिकाबाईंनी बशी उघडली. एकही ठिपका नाही.

मग त्यांनी बाटली उजेडात धरली. मोजायला घेतलेलं वजा केलं तरी रस सोमवारच्या खुणेच्या बराच खाली होता.

"बाटलीच्या तोंडचा कापसाचा बोळा कोण काढतं?"

मीच. आत काही वळवळतंय का बघायला, दर पाच मिनिटांनी, भर पंख्याखाली.

"जंतू होते तेवढेच आहेत," त्या म्हणाल्या. "पाणी तुम्ही उडवलंत, म्हणून रस दाट झाला."

मी घरी धावलो. राजसबाई दारात उभी.

"आज किती?"

"सगळे मेलेले. पहिल्यापासूनच."

तिनं डोळे पुसले. "म्हणजे देवानं ऐकलं. चला, तळ्यावर न्हावी बसवून ठेवलाय."