गुडघ्यावरची खूण

"ब्रेक लावलात ना, बाबा? नाहीतर आई खुर्चीसकट तळ्यात जायची."

शिंप्याने वाकून चाकाच्या खुर्चीचे दोन्ही ब्रेक पुन्हा चाचपले. बायकोच्या पायांवरची शाल नीट खोचली आणि आपलं घडीचं स्टूल तिच्या उजव्या हाताशी मांडलं. नेहमीच्या जागी.

लेक उतारावरून सांभाळत खाली आली. दगडावर रुमाल पसरून ती आईच्या समोर, तळ्याकडे पाठ करून बसली.

"ठरलंय तेवढंच हं. ऊन उतरेपर्यंत. तिने एकदा 'अहो' म्हटलं तरी पुरे, मी तिकडे नाही म्हणून कळवते. नाही बोलली तर उद्या सकाळी निघायचं. मग हट्ट नाही करायचा."

"बोलेल ती. पाणी बघितलं की बोलेल."

तिकडे म्हणजे स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळतात तिथे. खिडकीजवळची खाटही मिळाली होती. लेकीचं तरी काय चुकत होतं? आई गॅस उघडा टाकून रस्त्यावर गेली होती. तिला न्हाणीघरातून उठवताना शिंपी स्वतःच घसरला, आणि लेक येईपर्यंत दोघं ओल्या फरशीवर एकमेकांना धरून बसून राहिली होती. तेव्हापासून बायकोचं बोलणंही गेलं. कुणालाच ओळखत नाही ती, असं लेक म्हणे. मला ओळखते, असं शिंपी म्हणे. पण दाखवणार कसं?

त्याने गळाला गांडूळ लावलं. तंगुसाच्या दोरीची गाठ थुंकीने ओली करून आवळली. गाठ बसली. काठी मागे नेऊन त्याने गळ फेकला. टपकन आवाज झाला. लाल बूच कुठेतरी तरंगू लागलं असणार.

"आता बोला की तिच्याशी," लेक म्हणाली. "गप्प काय बसलात?"

शिंप्याने तोंड उघडलं आणि मिटलं. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की आपण केवढी चूक केली आहे.

गळ पाण्यात असताना बोलायचं नाही, हा नियम त्यानेच घातला होता. लग्न नवीन होतं आणि बायको भारी बडबडी. "मासे पळतात," असं त्याने सांगितलं. "माझ्या बोलण्याने? मग तुम्ही कसे अजून टिकलात?" ती म्हणाली होती. पण नियम तिने पाळला, पुढे तोच तिला आवडू लागला. शिंप्याची नजर आयुष्यभर सुईच्या टोकाशी बांधलेली. लांबचं बूच त्याला दिसतच नसे. म्हणून बुचाकडे ती बघायची. मासा नुसता आमिष चाळवत असेल तर त्याच्या गुडघ्यावर हात टेकायचा. बूच बुडालं की गच्च दाबायचा. मग तो झटका द्यायचा आणि मेलेली काठी मनगटात जिवंत व्हायची. त्या एका क्षणासाठी तो आठवडाभर दुसऱ्यांच्या विजारी उसवत असे.

एकदा मिशाळ मासा लागला होता. शिंपी कमरेइतक्या पाण्यात ओढला गेला. ती काठावरून धावली, अंगावरची शाल माशावर टाकून त्याला तान्ह्या बाळासारखं गुंडाळून बाहेर आली, आणि आवाज न करता इतकी हसली की खालीच बसली. तेव्हाही बोलली नाही. मासा घरी पोचल्यावर मात्र दोन गल्ल्यांना ऐकू जाईल असं बोलली.

आणि तिला बोलतं करायला त्याने इथे आणलं होतं. साऱ्या जगात ती जिथे मुद्दाम गप्प बसायची, नेमकी तीच जागा शोधून.

"बाबा, रडताय का?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. लेक आईच्या ओठांकडे टक लावून बसली होती.

तेवढ्यात गुडघ्यावर काहीतरी टेकलं. शिंप्याने खाली बघितलं नाही. श्वासही घेतला नाही. मग बोटं गच्च आवळली गेली.

त्याने झटका दिला. काठी वाकली, तंगूस ताणला गेला, ते जुनं वजन खांद्यापर्यंत धडधडत आलं. हातभर लांबीचा रुपेरी मासा गवतात आपटू लागला. लेक दचकून उठली.

"बोलली," शिंपी धापा टाकत म्हणाला. "बघितलंस ना?"

"मी तिच्या तोंडाकडेच बघत होते, बाबा. ओठसुद्धा हलला नाही."

"तोंडाने नाही गं. गुडघा दाबला तिने. बूच बुडाल्यावर ती तसंच करते." आपलंच बोलणं त्याला खुळ्यासारखं वाटलं.

लेक पुन्हा दगडावर टेकली. मग हळूच म्हणाली, "ती दिवसभर दाबत असते. उशी दाबते, चादर दाबते. काल माझं मनगट दाबत होती, म्हणून काय मला काही सांगत होती?"

हे खरं होतं. त्याने स्वतः बघितलं होतं.

"एकदाच," तो म्हणाला. "एकदाच परत टाकतो. तू बुचाकडे बघ. बुडालं की तिच्या हाताकडे बघ."

त्याने मासा पाण्यात सोडला, गळ पुन्हा टाकला. या वेळी लेक तळ्याकडे तोंड करून बसली. ऊन पाण्यावरून सरकत पलीकडच्या काठाला लागलं. बायकोचा हात शालीवर उताणा पडला होता. तिची नजर कुठे होती, हे शिंप्याला जवळून दिसत असूनही सांगता आलं नसतं.

"बाबा," लेक कुजबुजली. "हललं. बाबा, बुडालं. ओढा."

शिंपी हलला नाही.

"अहो बाबा, पूर्ण खाली गेलं. मोठा आहे. ओढा ना."

काठी त्याच्या मुठीत वाकत गेली. तंगूस एकदा कुरकुरला आणि तुटला. काठी सरळ झाली. पाणी हललं, मग थांबलं.

"का नाही ओढलंत?" लेकीने विचारलं.

"तिने अजून सांगितलं नाही," शिंपी म्हणाला.

लेकीने तोंड फिरवलं. शिंप्याने स्टूल आणखी पुढे ओढलं, बायकोचा हात उचलून आपल्या गुडघ्यावर ठेवला, आणि गळ नसलेली काठी पाण्यावर धरून, तोंड मिटून बसून राहिला.