तिसरा मणका

पहिला.
शिलाईवाल्या बाईंची पाठ तीन महिने ठणकत होती. तरी हाडांच्या तपासणीचा रिपोर्ट पाहून डॉक्टर खूश. कंबरेच्या चार मणक्यांच्या घनतेची सरासरी मागच्या वर्षीपेक्षा वर गेलीय म्हणाले, हाडं भरताहेत, आता इंजेक्शन बंद. सूनबाईचा चेहरा खुलला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसरा.
उंची घटलीय म्हटलं, तर डॉक्टर हसले. या वयात सगळ्याच बायकांना तसं वाटतं म्हणे. वाटतं? चाळीस वर्षं लोकांची मापं घेण्यात गेली. यंदा स्वतःचे झगे दोन बोटं वर दुमडावे लागले, ते काय नुसतं वाटणं? फॉर्मवर उंची मागच्या वर्षीचीच उतरवलेली. टेप कुणी हातात धरलीच नव्हती.
सूनबाई कुजबुजली, "आई, जाऊ द्या ना, चांगलंच तर सांगताहेत."
बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

तिसरा.
बाई उठून थेट मशीनच्या खोलीत. "उंची मोजा माझी."
मशीन चालवणाऱ्या ताईंनी मोजली. तीन सेंटिमीटर कमी. मग मशीनचा पडदा बाईंकडे वळवला. चारांतले तीन मणके फिकट, तिसरा तेवढा पांढरा. आणि बुटका.
तो भरला नव्हता, चेपला होता. चेपलेलं हाड दाटतं, मशीनला घट्ट वाटतं. तो मणका सोडून हिशेब करायचा असतो, आणि तसा केला तर सरासरी मागच्या वर्षीच्याही खाली, असं ताई सांगत गेल्या.
"तुम्हाला माहीत होतं."
"आम्ही बोलायचं नसतं, मावशी. रिपोर्ट डॉक्टरांचा."
"मोडलंय माझं, आणि तोंड शिवलंय तुमचं."

चौथा.
बाई आणि ताई, दोघी डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बाई बसल्या नाहीत. उभं राहणं जड जात होतं, तरी नाही. ताईंनी चित्र टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी ते जवळ ओढून पाहिलं, म्हणाले, एक्स-रे काढू, इंजेक्शन चालू ठेवू. जणू त्यांनाच सुचलं होतं.
"आधीचं खोडा. माझ्यासमोर."
त्यांनी खोडलं.
"या आठवड्यात आणखी किती जणींची हाडं भरली म्हणालात?"
डॉक्टर पेनाचं टोपण लावत बसले.
"अकरा," ताई म्हणाल्या.
"बोलवा सगळ्यांना परत," बाई म्हणाल्या, "आणि टेप काढा."