चार दाती म्हणून दिलेला मेंढा

मित्रांनो, जरा कल्पना करा. तुम्ही सत्तर वर्षांचे झाला आहात. गुडघे दुखतात, दात हलतात. आणि कोणीतरी तुमचे पिकलेले केस काळे करून तुम्हाला सातवीच्या वर्गात नेऊन बसवतो. हसू येईल ना? माझं तसंच झालं. मला मात्र हसू आलं नाही.

मी एक म्हातारा मेंढा आहे. उमेदीच्या काळात अक्कलकोटकडच्या एका कळपात मी पुढे चालत असे. येणारेजाणारे माझी पाठ थोपटत. मग पाय थकले आणि हिंदुराव नावाच्या व्यापाऱ्यानं मला घेतलं. त्यानं माझ्या शिंगांवरची वयाची वळी कानशीनं घासली आणि तोंडावरच्या पांढऱ्या केसांना कलप लावला.

मेंढ्याचं वय दातांवरून कळतं. चार दाती म्हणजे ऐन तरुण. वळसंगचे मेंढपाळ बिरप्पा जबडा उघडल्याशिवाय कोणाचं जनावर घेत नसत. पण हिंदुरावानं शपथेसाठी बिरोबाची हळद, म्हणजे भंडारा, तळहातावर घेतला.

"चार दाती हाय. भंडारा उचलून सांगतो. बघायचं तर बघा की."

"भंडारा उचलल्यावर दात काय बघायचं?" बिरप्पा म्हणाले. दोन गाभण मेंढ्या देऊन त्यांनी मला घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या तोंडातून कडबा गळू लागला. त्यांची नात सृष्टी वाकून बघू लागली.

"आज्जा, ह्याला पुढं दोनच दात उरल्यात, तेबी हलत्यात. ह्यो तर तुमच्याच वयाचा हाय."

मला टेम्पोत घालून दोघं शहरात सात रस्त्याला मुकुंद वकिलांकडे गेले. वकील माझं तोंड बघायला खाली उतरले.

"नुसतं खोटं बोलण्यानं फसवणुकीचा गुन्हा होत नाही," ते सृष्टीला समजावून म्हणाले. "'असा मेंढा तालुक्यात नाही' म्हणाला असता तर ती बढाई. वय चुकून सांगितलं असतं तर ती चूक. खरं वय त्याला ठाऊक होतं, हे दाखवायला हवं."

सृष्टीनं माझ्या गालावरून ओलं बोट फिरवलं. ते काळं झालं. "कलप आपोआप लागत न्हाय की."

वकील हसले. "बरोबर. म्हणजे ठाऊक होतं, आणि पहिल्यापासून मनात फसवायचंच होतं. तुझ्या आजोबांनी त्या शब्दावर विश्वास ठेवला, म्हणूनच मेंढ्या दिल्या. नुकसान झालं. एवढं सगळं जुळलं की ती फसवणूक. तक्रार देऊ. बिरप्पा, हा मेंढा सांभाळा. तोच आपला पुरावा."

तक्रार दिली, पण आठवडे गेले तरी काही हललं नाही. पारावरची माणसं बिरप्पांना रोज डिवचत. "दात न बघता मेंढा घेतलास व्हय? आता तुझंबी दात मोजायला पायजेत." बिरप्पा पारावर जायचे थांबले, मग त्यांचं जेवणही कमी झालं. मित्रांनो, फसलेल्या माणसाला कधी हसू नका. त्याला लाज एकट्यानं सोसावी लागली, की ती कोणाच्या तरी गळ्यात घालावी असं त्याला वाटू लागतं.

एका सकाळी माढ्याचे जोतिराम विकत घ्यायला मेंढा बघायला येणार होते. ते येण्याआधी बिरप्पांनी माझ्या तोंडाला पुन्हा कलप लावला. हिंदुरावाचा हात परका होता. या हातानं मला पेंड भरवली होती.

"किती दाती?" जोतिरामांनी विचारलं.

"चार," बिरप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले. आता खरं वय त्यांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी भंडाऱ्याची पिशवी उघडली आणि मूठ भरली.

जोतिरामांनी माझ्या जबड्याकडे नेलेला हात भंडाऱ्याच्या आदरानं मागे घेतला. मला ओरडावंसं वाटलं. पण मेंढ्याचं बें बें कोणाला कळणार?

सृष्टी शाळेला निघाली होती. तिनं दप्तर खाली ठेवलं. आजोबांची पिवळी मूठ एका हातानं घट्ट धरली, दुसऱ्या हाताचा अंगठा माझ्या ओठांत घातला, आणि माझं तोंड जोतिरामांसमोर उघडलं.