डोमा वरठ्याची तीनचाकी

डोमा वरठ्याने गाढवं विकून तीनचाकी सायकल घेतली, तेव्हा झरपट नदीच्या धोबीघाटावर चार दिवस कपड्यांपेक्षा डोमालाच जास्त आपटलं गेलं. कोणी म्हणे, हिला चारा म्हणून हवा घालतो का? कोणी म्हणे, चढावर ही अडून बसली तर डोमा हिचे कान पिळणार की शेपूट? डोमा हसून ऐकून घ्यायचा. पावसाळा सरेपर्यंत हसणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद झाली.

नागपूरच्या एका बिस्किटवाल्याचा धंदा बसला होता, त्याची ती गाडी. पुढे दोन चाकं, त्यांच्यामध्ये आतून पत्रा ठोकलेली भली मोठी पेटी, मागे एक चाक आणि त्याच्यावर पायडल मारणारा डोमा. पेटीला सुरुवातीला बिस्किटांचा वास यायचा. चांद्याचे वकील धुऊन आलेला काळा कोट आधी हुंगून बघत आणि मगच अंगात घालत. पण जटपुरा दरवाजापासून पठाणपुऱ्यापर्यंत गाढवाला जिथे अर्धा दिवस लागायचा, तिथे डोमा सकाळची न्याहारी पचायच्या आत जाऊन यायचा. मग वकिलांपाठोपाठ डॉक्टर आले, जंगलखात्याचे बाबू आले, कोळसाखाणीचे कारकून आले. डोमाचं बस्तान बसलं.

त्याची रीत सोपी होती. घराच्या पुढच्या दारी गाडी लावायची, घंटी वाजवायची. आतून मळक्या कपड्यांचं गाठोडं यायचं, डोमा धुतलेल्याचं गाठोडं द्यायचा आणि लागलीच पुढच्या घरी. टेकायचं नाही, बोलत बसायचं नाही. चहा विचारला तर नको म्हणायचं. या घाईचा त्याला इतका अभिमान होता, की घंटी वाजवतानाही तो खाली उतरत नसे.

त्याचा थोरला भाऊ कोलू मात्र गाढवांवरच राहिला. तो जायचा मागच्या दाराने. परसात बूड टेकायचं, बाईने दिलेला चहा फुर्र फुर्र करत प्यायचा आणि घरातली सगळी बातमी काढायची. कोणाकडे पाळणा हलला, कोणाकडे सुतक आहे, कोणाचा जावई रुसून बसला, सारं कोलूच्या पोटात असे, आणि पोटात फार वेळ राहतही नसे. लोक त्याला चोंबडा म्हणायचे, आणि तो होताच. पण त्या मागच्या दाराला एक कामही होतं. ज्या घरात माता यायची, म्हणजे अंगावर देवीचे फोड उठायचे, त्या घरची बाई आजाऱ्याच्या अंथरुणात लिंबाचा ओला पाला पसरायची आणि मागच्या दाराला लिंबाचा डहाळा बांधायची. तो वरठ्यासाठी असायचा. डहाळा दिसला की वरठी हात जोडून माघारी फिरायचा. माता बसलेल्या घरातला कपडा घाटावर जात नाही. ती उतरली, माणूस न्हालं, की मग गाठोडं यायचं, सोबत नारळ यायचा, आणि ते कपडे सगळ्यांच्या खाली, वाहत्या पाण्याच्या शेवटच्या दगडावर वेगळे धुतले जायचे. ही रीत कोणी कोणाला शिकवली नव्हती. आईच्या दुधासोबत आली होती.

पुढच्या दाराला डहाळा कोणी बांधत नसे. तिथे पाहुणे येतात.

चैत्रात डोमाची लेक कमळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ब्रह्मपुरीकडच्या एका गावात दिलेली, एकुलती एक पोर. ती आली आणि डोमाचं पायडल दुप्पट जोराने फिरू लागलं, कारण केव्हा एकदा घरी येतो असं त्याला होई. वाटेत कुठे गोड मोहाची फुलं दिसली, कुठे कच्ची कैरी दिसली, की पेटीत एक कोपरा त्यांचा. बायको धुरपता चिडायची. "पोरीले लाडानं बिघडवता तुमी," म्हणायची आणि स्वतः तिच्यासाठी लपवून दही राखून ठेवायची.

कमळाला स्वस्थ बसवत नसे. वाकता येत नव्हतं, तर अंगणात पाट घेऊन बसायची आणि गाठोडी सोडायची. पांढरे इकडे, रंगीत तिकडे, बिब्ब्याच्या खुणा पाहून घराघराचे कपडे वेगळे. तिचा हात चालू लागला, की डोमा उगाच मध्ये लुडबुड करत उभा राहायचा.

त्याच दिवसांत गावातल्या लाकडाच्या एका ठेकेदाराकडे लग्न निघालं होतं. ठेकेदाराची बायको इंदुताई. तिने लग्नाचं सगळं धुणं डोमाला कबूल केलं होतं. गाद्यांच्या खोळी, बिछायती, पडदे, वऱ्हाडाच्या चादरी. एवढं काम आजवर घाटावर कोणाला मिळालं नव्हतं. डोमा झोपेतसुद्धा त्या चादरी वाळत घालत असे.

एके सकाळी त्याने ठेकेदाराच्या दारी घंटी वाजवली. नवाच लागलेला गडी झिंगू बाहेर आला, त्याने गाठोडं पेटीत टाकलं आणि आतून कोणीतरी हाक मारली म्हणून पळत माघारी गेला. डोमा पुढे निघाला. इतकंच घडलं.

घरी कमळाने ते गाठोडं सोडलं. वरच्याच चादरीच्या घडीत लिंबाची पानं होती, चुरगळलेली.

"बाबा, लिंबाचा पाला हाय यात."

"कपड्याच्या पेट्या काढल्या असतीन," डोमा म्हणाला. "लग्नाचं घर हाय. कसर लागू नये म्हणून टाकतेत पेटीत."

कमळाने एक पान बोटांत धरलं. "पण हा ओला हाय. हिरवागार. पेटीतला पाला वाळून कुरकुरीत होते ना बाबा?"

डोमाने पान घेतलं, पाहिलं. ओलंच होतं. त्याच्या मनात काहीतरी हललं. ते काय, हे ओळखायला त्याला फार वेळ लागला नसता, पण त्याने तो लावलाच नाही. "नवा टाकला असन," म्हणाला आणि पान फेकून दिलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला पान दिसतच नव्हतं, बिछायती दिसत होत्या. माणूस इतका शहाणा होतो ना, की डोळ्यापुढचं हिरवं पानसुद्धा त्याला वाळलेलं दिसतं! कमळाने चादरी झटकल्या, उलट्यासुलट्या केल्या, खुणा पाहिल्या आणि ढिगाला लावल्या.

दुसऱ्या दिवशी घाटावर कोलू त्याच्या शेजारच्या दगडाशी आला. आवाज खाली घेऊन म्हणाला, "ठेकेदाराच्या घरी माता आली हाय. लायन्या पोराले. मागच्या दाराले डहाळा हाय. लग्न मोडन म्हणून बाहेर बोलून नाई राह्यले. नगरपालिकेले कळलं तं पोराले गावाबाहेरच्या छपरात नेऊन टाकतीन."

डोमाच्या हातातलं धोतर पाण्यात सुटलं.

"तू तं गेला नाईस ना तिथी?" कोलूने विचारलं.

"नाई," डोमा म्हणाला.

"बरं केलं. घरात भरल्या पोटाची पोर हाय. गेला असता तं म्हटलं असतं, आजच्या आज तिले टोचून आन. दवाखान्यातला कंपाउंडर सांगते, शिवल्याबरोबर टोचलं तं वाचते माणूस."

कोलू चोंबडा होता, पण भावाचं बोलणं खोटं मानायची त्याला सवय नव्हती. तो गाढवं हाकत निघून गेला.

डोमा धोतर शोधत बराच वेळ पाण्यात उभा राहिला. कमळाला लहानपणी टोचलं होतं, पण त्याला जमाना झाला. त्याला स्वतःला लेकरूपणी माता येऊन गेली होती, तोंडावर वण होते. धुरपतालाही येऊन गेली होती. एकदा आली की ती पुन्हा शिवत नाही. घरात भीती होती ती एकट्या कमळाला. आणि दवाखाना काही काशीरामेश्वर नव्हता, तीनचाकीने गेलं तर आत्ता पोचला असता.

पण दवाखान्यात विचारतील, कुठे शिवलीस? घर सांगावं लागेल. घर सांगितलं की नगरपालिकेची माणसं ठेकेदाराच्या दारी. पोराला नेतील, लग्न मोडेल, आणि ते कोणी फोडलं हे ठेकेदाराला कळायला घटकाही लागणार नाही. बिछायती गेल्या. त्याच्यामागे वकील जातील, डॉक्टर जातील. घाटावर कळलं, की डोमाने मातेचं गाठोडं सगळ्यांच्या कपड्यांसोबत पेटीत घालून गावभर फिरवलं, तर गाडीला काडी लावतील ते. लावायलाच हवी होती म्हणा. शिवाय पोटुशी बाईला टोचलेलं सोसतं का, कोण जाणे. शिवाय एवढ्या मोठ्या ढिगात एक चादर. शिवाय महाकाली आहे की पाठीशी. गप्प बसणाऱ्याला कारणांची कधीच टंचाई पडत नाही.

तो घरी गेला. कमळा दह्याची वाटी चाटत बसली होती. त्याच्याकडे पाहून हसली. तोही हसला. दुसऱ्या दिवशी बोलू, असं मनाशी म्हणाला, मग त्याच्या दुसऱ्या दिवशी. मग बोलून उपयोग राहिला नाही.

पंधरवडा सरत आला तसा कमळाला ताप भरला. पाठ मोडून आल्यासारखी दुखायला लागली. मग कपाळावर, तोंडावर, हातांवर फोड उठले. धुरपताने ते पाहिलं, डोक्यावर पदर घेतला, पोरीपुढे वाकून नमस्कार केला आणि मागच्या दाराला डहाळा बांधला. भट्टी विझवली. गाडी छपरात उभी राहिली. डोमा दवाखान्याचं नाव काढू लागला तर धुरपताने त्याला जागच्या जागी बसवलं. "माता घरात बसली हाय अन् तिले उठवून दवाखान्यात नेता? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?"

माता येते ती कोणाच्या तरी चुकीने. ती चूक शोधायची, कबूल करायची, पदर पसरायचा, म्हणजे ती शांत होऊन उतरते. धुरपताने चूक शोधायला घेतली. स्वतःच्या सोमवारच्या उपासांपासून सुरुवात केली, मग पोरीवर आली.

"येतानी तुह्या गावच्या वेशीवर मातेले नारळ देल्ला होता?"

कमळा तापात होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मोटर सुटून राह्यली होती, माय. घाईघाईत राह्यला."

"पाह्य!" धुरपता म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "पोटात लेकरू घेऊन निघाली अन् नारळ विसरली! माग आता मातेची माफी. म्हण, माय, मी चुकली."

"माय, मी चुकली," कमळा म्हणाली. "पदरात घे."

तेव्हापासून रोज सकाळी हळदीचं पाणी शिंपडून झालं, की धुरपता पोरीकडून ते म्हणवून घ्यायची. पुढे सांगावंही लागेना. फोड भरत गेले, गळ्यात उतरले, पाणी गिळवेना, तरी शुद्ध आली की पोर पहिलं तेच म्हणायची. डोमा दाराच्या चौकटीला धरून ऐकायचा. तोंड उघडायचा आणि मिटायचा. एकदा कमळाने त्याला विचारलं, "बाबा, नारळ मागून देल्ला तं चालते का?" तो म्हणाला, "चालते बेटा." आणि अंगणात जाऊन भिंतीवर डोकं आपटून घेतलं. तेही हळूच, आत ऐकू जाऊ नये म्हणून. इतका भित्रा माणूस.

मग कळा सुरू झाल्या, दिवस भरण्याआधीच. आळीतली सुईण आली, तिने जमेल ते केलं. पोरगा झाला. रडला नाही. सुईणीने त्याला फडक्यात गुंडाळलं आणि धुरपताच्या तोंडाकडे न पाहता बाहेर नेलं.

कमळाला कळलं. डोळे सुजून मिटले होते, पण कळलं. दुपारभर तिचे ओठ हलत होते. "माय, मी चुकली. माह्या लेकराले कायले नेलं? नारळ मी विसरली होती. त्यानं काय केलं होतं?"

डोमा आत आला.

"तू नाई चुकली," तो म्हणाला.

धुरपता लिंबाच्या डहाळ्याने पोरीला वारा घालत होती. तिने वर पाहिलं.

"नारळाचं काही नाई," डोमा म्हणाला. त्याच्या तोंडून शब्द एकदम सांडायला लागले. "ठेकेदाराच्या घरची माता होय. गाठोडं मी आनलं. पाला ओला हाय म्हणून पोरीनं मले दाखवला, मी पाह्यलं न पाह्यलं केलं. दुसऱ्या दिवशी कोलूदादानं सांगतलं. टोचून आन म्हणाला. मी त्याच्याशी खोटं बोललो. कामापायी बोललो. बिछायतीपायी."

धुरपताचा हात थांबला. तिने पोरीकडे पाहिलं. इतके दिवस रोज सकाळी तिने स्वतःच्या तोंडाने या पोरीला दोष कबूल करायला लावला होता. गळ्यात फोड असताना, घोट गिळवत नसताना. डोमाला वाटलं, आता ही ओरडेल, आता आळी गोळा करेल. त्याला तेच हवं होतं.

धुरपता ओरडली नाही. "मले कायले सांगता?" ती म्हणाली. "तिले सांगा."

डोमा जमिनीवर बसला. पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. घंटी कशी वाजवली, झिंगूने गाठोडं कसं टाकलं, पान कसं होतं, कोलू काय म्हणाला, आणि त्यानंतर रोज सकाळी आपण चौकटीपाशी उभे राहून काय ऐकत होतो. तुझी चूक नव्हती बेटा, तुझी नव्हती, असं तो परत परत म्हणत राहिला.

सांगून संपलं तेव्हा कमळाचे ओठ हलायचे थांबले होते.

"आयकलं का तिनं?" त्याने विचारलं.

धुरपताने पोरीच्या छातीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. छाती हलत नव्हती. मग त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "तुमी आत आल्यावर ती एकदाच बोलली, 'माय, मी चुकली.' तुमचं तोंड उघडायच्या आधी."