वस्तरा धार धरेना

झुलाल आबांनी वस्तरा डाव्या हाताच्या केसांवर टेकवला आणि हळूच ओढला. केस वाकले, पातं पुढं गेलं, केस परत होते तसे उभे राहिले. एकही तुटला नाही.

"आता काय म्हणावं याला! सकाळी तर कसा सरसर चालत होता."

ओट्यावर शेंगा सोलत बसलेल्या भिकुबाईंनी मानसुद्धा वर केली नाही.

"स्वप्न्याना बाप, तो वस्तारा म्हातारा व्हई गया. ऱ्हाऊ द्या आते."

"तुले काय समजस त्यामा?"

"नही समजत माले. पन चार दिन व्हयनात, या घरमा दुसरं बोलनंच नही."

वस्तरा आबांच्या आज्याचा, मग वडिलांचा. शिंगाची मूठ, रुंद पातं. पारोळ्याच्या या घरात जन्मलेल्या प्रत्येक पोराचं जावळ याच पात्यानं निघालेलं, आणि तेही घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या न्हाव्याच्या हातानं. आबांचं त्यांच्या आज्यानं काढलं, स्वप्नीलचं आबांच्या वडिलांनी. आता नातवाची, अकरा महिन्यांच्या कुंदनची पाळी. रविवारी भाऊबंद जेवायला येणार होते, आणि आज शुक्रवार.

त्याचा बाप स्वप्नील जळगावला सलूनमध्ये कामाला. रोज वापरून फेकायची ब्लेडं आणि मशीन, एवढंच त्याला ठाऊक. "आबा, मी मशीन फिरवतो ना, दोन मिनिटांचं काम," असं तो फोनवर म्हणाला, तर आबांनी पुढं सबंध दिवस त्याचा फोनच उचलला नाही. मशीन म्हणे! पोराचं जावळ आहे की गवताचा बांध?

म्हणून सोमवारपासून हा उद्योग चालला होता. सकाळी धारेचा दगड पाण्यात भिजवायचा, मांडीवर फडकं टाकायचं आणि पातं दगडावर सपाट ठेवून ओढत राहायचं. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. मग चामड्याच्या पट्ट्यावर पन्नास फेऱ्या. दुपारपर्यंत केस उडायला लागायचे. आबा खूश होऊन वस्तरा कापडात गुंडाळायचे, कोनाड्यात ठेवायचे, जेवून आडवे व्हायचे. आणि चार वाजता उठून बघावं, तर बोथट! त्यांनी दगडाला दोष दिला, पट्ट्याचं तेल बदललं, मग पट्टाच नवा आणला, शेवटी एप्रिलच्या उन्हावर खापर फोडलं. पन्नास वर्षांच्या धंद्यात असला हट्टी वस्तरा त्यांनी पाहिला नव्हता, आणि हा तर घरचाच.

हाताचे केस म्हातारपणी विरळ झालेत, त्यावरून काय कळणार, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी कोपर गुडघ्यावर रोवलं, पातं कानाखाली टेकवलं आणि चार दिवसांच्या दाढीतून दोन बोटं खाली ओढलं. कातडी खरवडली गेली. आणि मग गालाला जी आग लागली!

"अगं माय माय माय!"

"काय व्हयनं? लागनं का?"

"नही."

गाल दाबून धरला तरी आग थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं. आबांनी पात्यावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मिरची. वर लसूण.

दुपारी कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा होता. सुनेनं, मोनालीनं, तो पाट्यावर वाटला होता, आणि त्या पाट्याला गेल्याच आठवड्यात छिन्नीनं नवी टाकी लावून आणली होती. असल्या खरबरीत दगडावर दोनदा घासलं की कुठल्याही वस्तऱ्याचा निकाल लागतो. हे आबांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यांनी वळून पाहिलं. मोनाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. गालावरचा त्यांचा हात बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

पहिल्यांदा आला तो राग. बापाचा वस्तरा, आणि पाट्यावर! शिव्या अगदी ओठांपर्यंत आल्या. पण मोनालीनं कुंदनला खांद्याशी धरलं होतं आणि त्याच्या डोक्यावर आपला पंजा असा पसरला होता की पोराचं जावळ दिसतच नव्हतं.

आबांनी हातातल्या वस्तऱ्याकडं पाहिलं. पात्यावर ऊन पडलं होतं आणि त्याचा कवडसा समोरच्या भिंतीवर नाचत होता. त्यांनी हात स्थिर धरायचा प्रयत्न केला. कवडसा नाचतच राहिला.

दगडावर टेकलेला हात हलत नसे. त्यावरच ते विसंबले होते. वर्षभर भिकुबाई त्यांना अर्धाच पेला चहा देत होत्या, आणि का, ते त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही, असं धरून चालले होते. त्यांना फार लाज वाटली. आणि त्याहून जास्त या पोरीची दया आली. माझ्या लेकराला तुमचा हात लावू नका, हे तिनं सासऱ्याला कुठल्या तोंडानं सांगायचं?

"मोनाली, इकडं ये."

ती आली. "आबा, चुकलं माझं. मी..."

"पाट्यावर किती वेळा घासत होतीस?"

"रोज सात-आठ वेळा."

"दोनदा पुरलं असतं. उगाच दमलीस."

तिला हसू आलं की रडू, तिलाच कळलं नसेल. ओढणी तोंडाला लावून ती तशीच उभी राहिली.

"मला सांगायचं होतंस गं."

"कसं सांगू आबा? तुम्ही रोज सकाळी इतक्या हौसेनं बसता. आणि रविवार डोळ्यांसमोर आला की मी कोनाड्यातून वस्तरा उचलायची."

भिकुबाईंनी एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा सुनेकडं. हातातली शेंग त्यांनी तशीच सुपात टाकली.

"सोप्पं होतं. आबा, तुमचा हात थरथरतो, एवढंच म्हणायचं." आबांनी हे वाक्य पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं होतं. मग त्यांनी दगड ओढून घेतला आणि पुन्हा धार लावायला बसले.

तासभर दगड चालला. पट्ट्यावरच्या फेऱ्या संपल्यावर त्यांनी हाताचे केस पाहिले. स्वच्छ उडाले.

"यांना बोलावून घेऊ का उद्याच?" मोनालीनं विचारलं. "मशीन घेऊन येतील."

"मशीन नको. वस्तरा हाच राहील." आबांनी मूठ तिच्याकडं केली. "शेजारच्या बायांच्या भुवया तू दोऱ्यानं कोरतेस, मी बघत असतो. तुझा हात हलत नाही."

"मी? नाही आबा, मला नाही जमणार!"

"अजून उद्याचा दिवस आहे."

ते उठले. वाडग्यात पाणी घेतलं, साबण घेतला आणि चार दिवसांच्या पांढऱ्या खुंटांवर स्वतःच फेस चढवला. गळ्याभोवती पंचा गुंडाळून ते उजेडाकडं तोंड करून पाटावर बसले.

"ओ माय! सून सासरानी दाढी करी?" भिकुबाईंनी तोंडावर हात ठेवला. "गाव काय म्हनी?"

"काय म्हनी? न्हावीन शे ती बी."

भिकुबाईंनी सूप बाजूला सारलं. मग त्यांनीच पुढं होऊन मोनालीकडून कुंदनला घेतलं. मोनालीनं ओढणी कमरेला खोचली आणि वस्तरा हातात घेतला. लग्नाला तीन वर्षं झाली, पण सासऱ्याच्या इतक्या जवळ ती कधी बसली नव्हती.

"आबा, लागलं तर?"

"लागू दे. जेवढं चुकायचंय तेवढं इथं चुकून घे."

आबांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, डोळे मिटले आणि गळा वर केला.