दाबा, मी मोडत नाही!

मी एक जुना रबरी पुतळा आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत; डोकं आणि छाती तेवढी आहे. हसलात? हसा खुशाल! मित्रांनो, हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, त्याला तोंडाने श्वास कसा द्यायचा, ते माणसं माझ्यावरच शिकतात. घडलो तेव्हापासून बुक्क्यांसारखा मार खातोय, पण माझी कधी तक्रार नव्हती.

मग श्वासातून पसरणारी साथ आली. "त्याच्या तोंडाला सगळे तोंड लावतात, टाका बाहेर!" असं म्हणून मला अडगळीत कोंबलं. असा संताप आला! अरे, साथ आली म्हणून माणसांची हृदयं बंद पडायची थांबली का?

आमच्या नर्सबाई मात्र खमक्या. त्यांनी मला घासलं, जंतुनाशकाने पुसलं आणि एका शिवणकारखान्यात नेलं. तोंडाने श्वास न देता जीव कसा वाचवायचा हे त्या शिकवत होत्या, तोच कापड बेतणारे मास्तर धाडकन कोसळले.

त्यांची लेक तिथेच मशीनवर होती. ती धावली तसा व्यवस्थापक ओरडला, "लांब हो! साथ असेल त्यांना!"

"असू दे! माझे बाबा आहेत ते!"

नर्सबाईंनी मास्तरांना हाक मारली, खांदे हलवले. तोंडाजवळ न वाकता छाती हलते का ते पाहिलं. हलत नव्हती. "रुग्णवाहिका बोलवा! खिडक्या उघडा!"

लेकीने स्वतःचा मास्क नीट केला, बाबांच्या नाकातोंडावर कापड सैल पसरलं आणि छातीच्या मधोमध तळवे रोवले.

"जोरात! भराभर! दाबलीस की छाती पूर्ण वर येऊ दे!"

ती दमली की बाई दाबत, बाई दमल्या की ती. रुग्णवाहिका येईपर्यंत दोघी थांबल्या नाहीत. मग रुग्णवाहिकेतल्या यंत्राने छातीला विजेचा झटका दिला आणि मास्तर कण्हले. लेकीने आधी साबणाने हात धुतले आणि मग हमसून हमसून रडली.

पुढच्या वर्गाला व्यवस्थापक सगळ्यांच्या आधी हजर! मास्क लावून माझ्यापुढे बसला, पण मला नुसतं चाचपत राहिला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "माझी आई थकलीय हो. उद्या तिला काही झालं तर... मला जमेल ना?"

मित्रांनो, मला बोलता आलं असतं ना, तर ओरडलोच असतो, "न जमायला काय झालं? हात आखडू नका, दाबा!"